माणसाचं इंग्रजी : 'मॅन'पासून 'नॉमिनी'पर्यंतचे शब्द कसे शिकावेत

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येणारी बहुतेक मंडळी दिवसभराचं काम उरकून येतात. कुणी दवाखान्यात परिचारिका आहे, कुणी बँकेच्या परीक्षेची तयारी करतंय, एक काका द्राक्षबागायतदार आहेत आणि त्यांना निर्यातीची कागदपत्रं स्वतः वाचायची आहेत. या सगळ्यांना पहिले तीन आठवडे मी एकच विषय देते : माणूस. म्हणजे ज्या इंग्रजी शब्दांचा अर्थ माणसाशी जोडलेला आहे, ते शब्द.

कारण साधं आहे. अर्ज असो, करार असो, मुलाखत असो, त्यात माणसाला काही ना काही म्हटलेलंच असतं : पर्सन, सिटिझन, अ‍ॅप्लिकंट, नॉमिनी. दुसरं म्हणजे मराठी माणसाजवळ या शब्दांसाठी मोठं भांडवल आधीपासून आहे. पण शाळेत ते कुणी दाखवलेलं नसतं, म्हणून मुलं शब्दांच्या याद्या घोकत बसतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

लागणारं सामान थोडं आहे. दोनशे पानी वही, पेन्सिल, आणि असा एक इंग्रजी कोश, ज्यात शब्द कुठून आला तेही दिलेलं असतं. असे कोश आता फोनवर फुकट मिळतात. रोज अर्धा तास पुरे.

पायरी पहिली : 'मॅन' घरचाच आहे हे ओळखा

वहीच्या पहिल्या पानावर चार शब्द एकाखाली एक लिहा : मनु, मानुष, माणूस, मॅन. हे चारही एकाच कुळातले. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषा फार मागे जाऊन एकाच मुळाशी मिळतात आणि हा शब्द दोन्हीकडे टिकून राहिला.

आता गंमत पाहा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'मॅन' म्हणजे पुरुष नव्हे, तर कुणीही माणूस, बाई असो वा बाप्या. पुरुषासाठी 'वेर' होता आणि बाईसाठी 'वीफ'. बाई आहे हे स्पष्ट सांगायचं असलं की 'वीफ' आणि 'मॅन' जोडून 'वीफमॅन' म्हणत. त्याचंच झिजून 'वुमन' झालं. मराठीत याला तंतोतंत शब्द आहे : बाईमाणूस! आपल्याकडे 'गडीमाणूस' आणि 'बाईमाणूस' शेजारी नांदतात आणि 'माणूस' दोघांनाही पोटात घेतो. 'घरची माणसं' म्हटलं की त्यात आजीही येते. जुन्या इंग्रजीतली घडण अशीच होती. पुढे 'वेर' वापरातून गेला आणि त्याची जागाही 'मॅन'नेच घेतली. तेव्हापासून हा शब्द दोन अर्थांनी चालतो, माणूस आणि पुरुष, आणि त्यातून पुढे संयुक्त राष्ट्रांपर्यंत वाद गेला. त्याच्याकडे चौथ्या पायरीत येऊ.

'वीफ'चं आजचं रूप 'वाइफ'. त्याचा अर्थ आकसून 'बायको' झाला, पण 'मिडवाइफ' म्हणजे सुईण या शब्दात तो अजून साधा 'बाई' असा आहे. आणि गेलेला 'वेर' दोन ठिकाणी लपून बसला आहे : 'वेअरवुल्फ', म्हणजे लांडगा होणारा माणूस, आणि आपण रोज वापरतो तो 'वर्ल्ड'. 'वर्ल्ड'चा मूळ अर्थ माणसाचं युग. हे सांगितलं की वर्गात कुणीतरी हमखास पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघतं.

पहिल्याच दिवशी उच्चारही पक्का करा. एक बाई : वुमन. अनेक बायका : विमिन. लिहिताना फक्त शेवटचा 'ए' जाऊन 'ई' येतो, पण बोलताना पहिलं अक्षर बदलतं. आपल्याकडे सर्रास 'वुमेन' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला एक की अनेक ते कळत नाही. 'विमिन' दहा वेळा मोठ्याने म्हणा.

पायरी दुसरी : वहीत कुळं मांडा

इंग्रजीने माणसासाठी लॅटिन आणि ग्रीक या दोन्ही घरांतून शब्द उचलले. प्रत्येक मुळाला वहीत एक पान द्या. मी सांगते त्याच क्रमाने जा, कारण सुरुवातीची दोन-तीन पानं भराभर भरतात आणि हुरूप येतो.

*मातीचा माणूस.* 'ह्यूमन' हा शब्द 'मॅन'पासून आलेला नाही, शेवटची तीन अक्षरं सारखी दिसत असली तरी. तो लॅटिन 'होमो' म्हणजे माणूस याच्या घरचा, आणि 'होमो'चं नातं 'ह्यूमस'शी, म्हणजे मातीशी. आमच्या द्राक्षवाल्या काकांना हे सांगावंच लागलं नाही. ठिबकमधून ह्युमिक अ‍ॅसिड सोडणाऱ्या शेतकऱ्याला ह्यूमस म्हणजे काय ते चांगलं ठाऊक असतं. संस्कृतात पृथ्वीला 'क्ष्मा' म्हणतात, तो 'ह्यूमस'चा लांबचा भाऊ. म्हणजे देव आकाशातले आणि माणूस मातीवरचा, असा हा विचार आहे. 'हंबल' म्हणजे नम्र, मातीला धरून असलेला. 'एक्झ्यूम' म्हणजे पुरलेलं मातीतून वर काढणं. बातमीत पुरलेला मृतदेह पुन्हा बाहेर काढल्याचं येतं तेव्हा हा शब्द असतो.

याच पानावर 'होमेज' लिहा, आदरांजली या अर्थाचा. युरोपात सरंजामी काळात एखादा जण सरदारापुढे गुडघे टेकून 'मी तुमचा माणूस झालो' असं कबूल करी, त्या विधीचं हे नाव. 'तो साहेबांचा माणूस आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा 'माणूस' अगदी याच अर्थाने येतो.

मग 'ह्यूमन' आणि 'ह्यूमेन' यांची जोडी. दुसऱ्याच्या शेवटी एक जादा 'ई' आहे आणि जोर शेवटावर आहे. पहिला म्हणजे मानवी, दुसरा म्हणजे माणुसकीचा. जनावरांना वागवण्याच्या संदर्भात दुसरा फार भेटतो. 'ह्यूमॅनिटी'त दोन्ही अर्थ आहेत, मानवजात आणि माणुसकी. 'ह्युमॅनिटीज' असं अनेकवचन झालं की ती विद्यापीठातली मानव्यविद्या : भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान.

*मरणारा माणूस.* हे पान लहान पण जिव्हाळ्याचं. संस्कृत 'मर्त्य', इंग्रजी 'मॉर्टल', आणि फारसीतून आपल्याकडे आलेला 'मर्द', तिघांचं मूळ एक : मरणं. 'पोस्टमॉर्टेम' आणि 'मर्डर' याच पानावर. मर्द या शब्दाला आपण छाती फुगवून म्हणतो, पण त्याच्या पोटात 'मरणाधीन' असा अर्थ आहे हे कळल्यावर मला तो शब्द जास्त आवडू लागला.

*वीर आणि नर.* लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष, आपल्या 'वीर'चा भाऊ. 'व्हिराइल' म्हणजे पुरुषी, तो त्यातूनच. 'व्हर्च्यू' म्हणजे सद्गुणसुद्धा त्यातूनच, कारण रोमन लोकांनी सद्गुण म्हणजे पुरुषार्थ असंच धरलं होतं. ग्रीकांचा 'अनेर', समासात 'आंद्र', हा आपला 'नर'. 'पॉलिअँड्री' म्हणजे एकीला अनेक नवरे. 'अलेक्झांडर' म्हणजे नरांचं रक्षण करणारा. आणि तुमच्या हातातला फोन 'अँड्रॉइड', म्हणजे माणसासारखा दिसणारा. ग्रीक 'गुने' म्हणजे बाई, त्यावरून गायनॅकॉलॉजिस्ट. इंग्रजी 'क्वीन' आणि वेदांतला 'जनि' याच घरातले.

*जन.* संस्कृत 'जन्' धातूचं पान सगळ्यांत मोठं होईल, तेव्हा दोन पानं राखून ठेवा. जीन, जनरेशन, जेंडर, जेंटलमन, जीनस. लॅटिन आणि ग्रीकमध्ये या 'ज'च्या जागी 'ग' होता, इंग्रजीच्या स्वतःच्या शब्दांत 'क' आला : किन म्हणजे नातलग, आणि काइंड. 'मॅनकाइंड'मधला 'काइंड' म्हणजे कूळ, जात. दयाळू या अर्थाचा 'काइंड' त्याच शब्दातून निघाला : आपल्या कुळातल्या माणसाशी वागावं तसं वागणारा. याच पानावर एक काळा शब्दही लिहावा लागतो, 'जेनोसाइड', वंशसंहार. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने तो १९४४ साली घडवला, ग्रीक 'गेनोस' आणि लॅटिनमधला 'मारणं' या अर्थाचा प्रत्यय जोडून. असा गुन्हा डोळ्यांदेखत घडत होता आणि त्याला नाव नव्हतं.

*अँथ्रोपोस.* ग्रीकमध्ये माणूस. अँथ्रोपॉलॉजी म्हणजे मानववंशशास्त्र. इरावती कर्वे यांचं क्षेत्र सांगितलं की मराठी वाचकाला हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. फिलँथ्रोपी म्हणजे माणसांवरचं प्रेम, म्हणजेच लोकोपकार. मिसँथ्रोप म्हणजे माणूसघाणा. मराठीत 'माणूसघाणा' इतका चपखल शब्द तयार असताना ग्रीकची भीती कशाला!

*डेमोस आणि पॉप्युलस.* दोन्हींचा अर्थ लोक, पहिला ग्रीक, दुसरा लॅटिन. डेमॉक्रसी, डेमोग्राफी पहिल्याच्या, पॉप्युलर, पॉप्युलेशन, पब्लिक, पीपल दुसऱ्याच्या खात्यात. साथीच्या रोगांचे तीन शब्द इथेच बसतात. एन्डेमिक : लोकांत मुरलेला. एपिडेमिक : लोकांवर आलेला. पँडेमिक : सगळ्या लोकांचा. मुंबई-पुण्यात प्लेग आला तेव्हा, १८९७ साली, झालेल्या कायद्याचं नावच एपिडेमिक डिसीजेस अ‍ॅक्ट आहे आणि २०२० साली करोनात तोच बाहेर काढावा लागला.

पायरी तिसरी : तोतये पकडा

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, तसे शब्दांतही असतात. चेहरा माणसाचा, पण घराणं दुसरंच. हे ओळखता आले नाहीत तर दुसऱ्या पायरीची सगळी मेहनत उलटते, कारण कुळं पाठ झालेल्या विद्यार्थ्याला मग जिकडेतिकडे 'मॅन' दिसू लागतो.

'मॅन्युअल', 'मॅन्युस्क्रिप्ट', 'मॅनेजर', 'मॅनर्स', 'मॅनिक्युअर' यांत माणूस नाही, हात आहे. लॅटिन 'मानुस' म्हणजे हात. उच्चार आपल्या माणसाच्या इतका जवळ की फसायला होतं. 'मॅन्युअर' म्हणजे खत, तेही हातानेच कसण्यावरून आलेलं.

'होमो' दोन आहेत. लॅटिन 'होमो' म्हणजे माणूस : होमो सेपियन्स, हे नाव लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली दिलं. होमिसाइड म्हणजे मनुष्यवध. ग्रीक 'होमोस' मात्र म्हणजे 'सम', आणि तो आपल्या 'सम'चाच भाऊ आहे. होमोजिनियस, होमोसेक्शुअल यांत हा दुसरा. समलिंगी हा मराठी शब्द आठवला की गोंधळ संपतो. होमिओपॅथीतही 'सारखं' हाच अर्थ आहे.

'व्हायरस'चा वीराशी काही संबंध नाही, तो 'विष'चा भाऊ. 'ह्युमिड' आणि 'ह्यूमर' मातीतले नाहीत, ओलाव्याचे आहेत. 'फीमेल'मध्ये 'मेल' नाही. तो फ्रेंचमधून आलेला वेगळाच शब्द, शेजाऱ्याला पाहून त्याचं स्पेलिंग बदललं एवढंच. 'हिस्टरी'त 'हिज' नाही, तो ग्रीकांचा 'शोध'.

याचा व्यवहारातला उपयोग अनेकवचनात होतो. शब्दात खरा 'मॅन' असेल तरच अनेकवचनात 'मेन' येईल : पोस्टमन, पोस्टमेन. नसेल तर नुसता 'एस' : ह्यूमन्स, जर्मन्स, रोमन्स, शामन्स, टॅलिस्मन्स. टॅलिस्मन म्हणजे ताईत, त्याचं मूळ अरबी-ग्रीक, त्यात माणूस कुठला? ही एक ओळ वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

पायरी चौथी : पर्सन, पीपल, ह्यूमन बीइंग की सिटिझन?

आता वाक्यात वापरायचं. इथे घाई करू नका. माझ्या मते सगळ्या अभ्यासाचा कणा ही पायरी आहे, आणि एक आठवडा हिच्यावरच घालवला तरी चालेल.

'पर्सन' लॅटिन 'पर्सोना'वरून आला, म्हणजे नटाचा मुखवटा. मुखवट्यावरून भूमिका, भूमिकेवरून ती वठवणारा, असा अर्थ सरकत गेला. व्याकरणात फर्स्ट पर्सन, सेकंड पर्सन म्हणतात त्यात ही भूमिका अजून दिसते. बोलणारा कोण, ऐकणारा कोण. आपण त्याला प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष म्हणतो. मराठीत 'पर्सन'ला सगळ्यांत जवळ 'व्यक्ती'. पुरुषाबद्दल बोलतानाही आपण 'ती व्यक्ती' म्हणतो, म्हणजे शब्दाचं लिंग एक आणि माणूस कुणीही.

पर्सनचं रोजचं अनेकवचन 'पीपल'. 'फाइव्ह पीपल आर वेटिंग' हे साधं, बरोबर इंग्रजी. 'पर्सन्स' कायद्यात, पोलिसांच्या निवेदनात आणि लिफ्टमधल्या पाटीवर. बोलण्यात 'पर्सन्स' आला की वाक्य ठाण्यातल्या जबाबासारखं ऐकू येतं. 'पीपल'पुढे क्रियापद नेहमी अनेकवचनी. मराठीत 'लोक म्हणतो' असं कुणी म्हणत नाही, 'लोक म्हणतात' असंच म्हणतात, तसंच. 'पीपल्स' हेही चूक नाही, पण त्याचा अर्थ निरनिराळे जनसमूह. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची सुरुवात 'वी द पीपल्स' अशी आहे, कारण तिथे अनेक देशांचे लोक आहेत. आपल्या संविधानाची सुरुवात 'वी, द पीपल ऑफ इंडिया', आम्ही भारताचे लोक. शेवटच्या एका 'एस'ने केवढा फरक पडला ते बघा.

संविधानच घ्या पुढे अभ्यासाला. याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला सापडलं नाही. अनुच्छेद १४ म्हणतो, राज्य कोणत्याही 'पर्सन'ला कायद्यापुढची समानता नाकारणार नाही. अनुच्छेद २१ जीविताचं आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं संरक्षण देतो, तेही 'पर्सन'ला. पण भाषण, संचार, व्यवसाय यांचं स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ 'सिटिझन्स'ना. हा शब्द निवडून घातलेला आहे. भारतात आलेल्या परदेशी पाहुण्याचा जीवही अनुच्छेद २१ राखतो, कारण तो नागरिक नसला तरी व्यक्ती आहे. मराठी प्रत शेजारी ठेवून 'व्यक्ती' आणि 'नागरिक' कुठे कुठे आलेत ते पेन्सिलीने खुणावत जा. स्पर्धा परीक्षेवाल्यांचे इथे दोन्ही अभ्यास एकदम होतात.

कायद्यातल्या 'पर्सन'मध्ये हाडामांसाचा माणूसच असतो असं नाही. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ प्रमाणे कंपनी किंवा माणसांचा गट हाही 'पर्सन'. देवळातल्या मूर्तीलाही आपली न्यायालयं कायद्यापुरती व्यक्ती मानतात आणि तिच्या नावावर जमीन असते. म्हणून करारात कधी 'नॅचरल पर्सन' असं मुद्दाम लिहिलेलं आढळतं. तिथे खराखुरा माणूसच हवा असतो.

आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट : कंपनीला आणि देवाला सामावून घेणाऱ्या या शब्दात बाई बसते की नाही यावर वाद झाले. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन परतल्या, पण वकील म्हणून रीतसर उभं राहायला त्यांना तीस वर्षं थांबावं लागलं. १९१६ साली रेजिना गुहा या पदवीधर बाईंनी कलकत्त्यात वकिलीचा अर्ज केला, तेव्हा उच्च न्यायालयाने कायद्यातल्या 'पर्सन'मध्ये स्त्रियांना धरायला नकार दिला. १९२३ साली वेगळा कायदा करून दार उघडावं लागलं. कॅनडात तेच. सिनेटवर, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, नेमण्याजोग्या 'पर्सन्स'मध्ये स्त्रिया येत नाहीत असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८ साली सांगितलं. पाच बायका लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या साम्राज्याच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयापर्यंत गेल्या आणि १८ ऑक्टोबर १९२९ रोजी निकाल फिरला. वर्गातल्या मुलींना मी हा प्रसंग नेहमी सांगते. त्यानंतर 'पर्सन' कुणीही विसरत नाही.

'ह्यूमन बीइंग' हा शब्द माणूस म्हणून माणसाबद्दल बोलताना वापरा. अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' समान आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदाही तसाच सुरू होत होता. समितीतल्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आक्षेप घेतला की काही देश 'मेन'चा अर्थ फक्त पुरुष असा लावतील. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तो जाहीरनामा संमत झाला तेव्हा पहिल्या कलमात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' असे शब्द होते. बाजारात मात्र 'देअर वेअर मेनी ह्यूमन बीइंग्ज' म्हणू नका. तिथे 'पीपल'.

पायरी पाचवी : शब्दाची शेपटी पाहा

मराठीत कार, करी, दार, वाला लागले की माणूस तयार होतो : कथाकार, वारकरी, दुकानदार, भाजीवाला. इंग्रजीत 'अर' किंवा 'ऑर', 'इस्ट', 'इअन' लागतात. क्रियापदाच्या शेवटी 'एट' असेल तर बहुधा 'ओ-आर' येतो : ट्रान्सलेट, ट्रान्सलेटर, ऑपरेट, ऑपरेटर. 'फिजिशियन' म्हणजे डॉक्टर, 'फिजिसिस्ट' म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ, हे दोन वेगळे ठेवा.

'अर' लागला की दर वेळी माणूसच होतो असं नाही. 'माय मदर इज अ गुड कुकर' हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. स्वयंपाक करणारी व्यक्ती 'कुक', आणि 'कुकर' शिट्टी देतो तो. उलट 'कॉम्प्युटर' हा शब्द सतराव्या शतकात आला तेव्हा गणित करणाऱ्या माणसाचा होता. राधानाथ सिकदर १८३१ साली भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात 'कॉम्प्युटर' या हुद्द्यावर लागले, आणि एव्हरेस्ट सर्वांत उंच आहे हे त्यांच्या आकडेमोडीतून निघालं.

सगळ्यांत कामाची शेपटी 'ई', स्पेलिंगमध्ये दोन 'ई'. 'अर' म्हणजे करणारा, 'ई' म्हणजे ज्याला ते मिळतं किंवा ज्याच्यावर ते होतं. एम्प्लॉयर नोकरी देतो, एम्प्लॉयीला ती मिळते. चेकवर 'अकाउंट पेयी' लिहितो तेव्हा पेयी म्हणजे पैसे घेणारा. लेसर भाडेपट्ट्याने देतो, लेसी घेतो. मॉर्गेजर आणि मॉर्गेजी यांत भले भले चुकतात : घर गहाण टाकणारे आपण मॉर्गेजर, आणि ते गहाण घेणारी बँक मॉर्गेजी. 'नॉमिनी' म्हणजे ज्याचं नाव दिलं आहे तो. शब्दाचा अर्थ 'वारस' असा नाही, वारसाला 'एअर' म्हणतात आणि त्यातला 'एच' उच्चारत नाहीत. सही करण्यापूर्वी या शेपट्या तपासा, कारण एका अक्षराने देणेकरी आणि घेणेकरी बदलतात.

काही शब्द हा नियम पाळत नाहीत. रेफ्युजी, अ‍ॅबसेंटी, रिटायरी, अटेंडी यांत माणूस स्वतःच पळतो, गैरहजर राहतो, निवृत्त होतो, हजर राहतो. एवढे चार पाठ करा.

पायरी सहावी : हाक मारताना जपा

शब्द बरोबर असूनही माणूस दुखावू शकतो. 'अ पुअर केम' चूक, आणि कानालाही वाईट. एक जण असेल तर 'अ पुअर पर्सन'. 'द पुअर' म्हणजे सगळे गरीब, क्रियापद अनेकवचनी. 'पुअर्स' नाही. अंध, वृद्ध, आजारी यांनाही हेच. आपल्या देशातल्या २०१६ च्या कायद्याचं नाव 'राइट्स ऑफ पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट' आहे : आधी व्यक्ती, मग अपंगत्व. हा क्रम बोलतानाही ठेवा.

'टू फीमेल्स वेअर स्टँडिंग' असं माणसांबद्दल म्हणू नका. नाम म्हणून 'फीमेल' म्हणजे मादी असा वास येतो. 'विमिन' म्हणा. फॉर्मवरच्या रकान्यात 'फीमेल' चालतं, तिथे ते विशेषण असतं.

'चेअरमन'ऐवजी चेअरपर्सन किंवा नुसतं चेअर, 'फायरमन'ऐवजी फायरफायटर आता रुळलं आहे. क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीने सप्टेंबर २०२१ मध्ये 'बॅट्समन' काढून 'बॅटर' घातला. कुणी कुणी नाक मुरडलं, पण 'बोलर' आणि 'फील्डर' आधीपासूनच असे होते. आपल्या भाषेत सरपंच, आमदार हे शब्द बाईलाही जसेच्या तसे लागतात, त्यामुळे आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. 'गाइज' हा मित्रांपुरता ठेवा. १६०५ साली इंग्लंडची संसद उडवण्याच्या कटातल्या गाय फॉक्सवरून तो आला, आणि मुलाखतीत तो ओळखीचा वाटत नाही, आगाऊ वाटतो.

सोबत्यांचे दोन शब्द मला फार आवडतात. 'कम्पॅनियन' म्हणजे जो बरोबर भाकरी खातो. त्यातला 'पानिस' हा लॅटिन शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे 'पाव' होऊन आला. 'लॉर्ड' म्हणजे मुळात पावाची राखण करणारा आणि 'लेडी' म्हणजे कणीक मळणारी. घरात पीठ मळणाऱ्या बाईला इंग्रजीने असा मान दिला होता, हे आईला सांगून बघा.

पायरी सातवी : रोजचा सराव

सकाळी एक इंग्रजी बातमी घ्या, एकच. तिच्यात माणसाला म्हटलेले सगळे शब्द अधोरेखित करा : रेसिडेंट, विक्टिम, अक्यूज्ड, मायग्रंट, स्पोक्सपर्सन. प्रत्येकापुढे मराठी शब्द लिहा, मग तो शब्द कुठल्या पानावर जातो ते शोधा. कुठेच जात नसेल तर नवं पान उघडा. संध्याकाळी त्यातले तीन शब्द ओळखीच्या माणसाबद्दल वाक्यात वापरा, शक्यतो मोठ्याने. 'माय नेबर इज अ रिटायरी' असं आपल्या शेजारच्या काकांबद्दल म्हटलेलं वाक्य पुस्तकातल्या वाक्यापेक्षा जास्त दिवस टिकतं.

दर रविवारी घरातला एक खरा कागद बाहेर काढा. बँकेचा फॉर्म, विम्याची पॉलिसी, भाडेकरार, काहीही. त्यात कोण पर्सन, कोण पेयी, कोण लेसी आणि आपण स्वतः कोण, हे समासात पेन्सिलीने लिहा. न कळलेला शब्द असेल तर गोल करा आणि कळेपर्यंत तो खोडू नका.

द्राक्षवाल्या काकांनी तिसऱ्या रविवारी निर्यातीचा कागद आणला होता. 'कन्साइनी'भोवती गोल केलेला होता. मी सांगायच्या आतच त्यांनी शेपटीवर बोट ठेवलं. "दोन 'ई' आहेत, म्हणजे माल ज्याला पोचतो तो. मग पाठवणारा मी. मला काय म्हणायचं, कन्साइनर?" मी हो म्हटलं. त्यांनी समासात आपलं नाव लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.